भिंगमावशीला न दिसलेले तांदूळ

जनावरांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक बाई गेली सत्तावीस वर्षं बसते आहे, आणि आसपासच्या सगळ्या कुत्र्यांची पोटं तिला तोंडपाठ आहेत. माणसांच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद. समोरच्या घरातला माणूस रस्त्यात भेटला तरी ती कोऱ्या नजरेनं त्याच्या शेजारून निघून जाते, आणि दहा पावलांवर थांबून कपाळाला हात लावते. "अगबाई, हे तर त्या तपकिरी कुत्रीचे मालक! आकड्याचे जंत, दोन वर्षांपूर्वी."

तिला सगळे भिंगमावशी म्हणतात. आली होती ती बाटल्या धुवायला. तेव्हा भिंगावर एक म्हातारे गृहस्थ बसायचे, त्यांचे डोळे अधू झाले होते आणि ते कबूल करायला ते तयार नव्हते. "जरा बघ गं, हे गोल आहे की लांबट?" असं विचारता विचारता त्यांनी तिला सगळी विद्या देऊन टाकली, आणि एक दिवस स्वतःची खुर्चीही.

खोली म्हणजे औषधांच्या खोक्यांनी उदार मनानं सोडलेली जागा. एक टेबल, एक नळ, एक उंच खिडकी. लोक कुत्र्यांची विष्ठा आणून देतात ती काडेपेटीत, जॅमच्या बाटलीत, सुईदोऱ्याच्या डबीत. एकदा एका मास्तरांची घाईत डब्यांची अदलाबदल झाली आणि मावशीच्या टेबलावर त्यांचं जेवण येऊन बसलं. त्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत काय उघडलं गेलं, ते मावशी कुणाला सांगत नाही. तिची वहिनी सांगते. विचारलं नाही तरी सांगते.

काम तसं सोपं. शेंगदाण्याएवढी विष्ठा घ्यायची, मीठ आणखी विरघळणारच नाही इतक्या खारट पाण्यात कालवायची, गाळणीनं गाळायची. नळी काठोकाठ भरायची, अगदी पाणी फुगून वर येईल इतकी, आणि त्यावर काचेची चकती अलगद टेकवायची. मग पंधरा मिनिटं थांबायचं. जंतांची अंडी हलकी असतात. ती त्या खारट पाण्यातून हळूहळू वर तरंगत येतात आणि काचेला चिकटून बसतात. त्या पंधरा मिनिटांत घाई कुणाच्या बापाला करता येत नाही.

आणि मावशीचं खरं आयुष्य त्या पंधरा मिनिटांत असतं. खिडकीतून उन्हाची एक पट्टी येते, भिंतीवरून सावकाश सरकते, टेबलावर उतरते, नळीतल्या पाण्यात शिरते. मावशी हनुवटीला हात लावून त्या पाण्याकडे बघत राहते. तिला वाटतं, आपण तळाशी आहोत, वरती कुठेतरी उजेड आहे, आणि आपणही असेच हळूहळू वर चाललो आहोत. बाहेर कुत्री भुंकतात, डॉक्टरीणबाई कुणावर तरी ओरडतात, पण ते सगळं पाण्याबाहेरचं. घड्याळात पंधरा मिनिटं भरली की ती चकती उचलते, भिंगाला डोळा लावते, आणि तिच्यासमोर उजेडाचं एक गोल तळं उघडतं. त्यात तरंगतात तपकिरी, जाड सालीचे चंद्र, म्हणजे गोल जंतांची अंडी. पातळ सालीची, आत चार-आठ ठिपके असलेली, म्हणजे आकड्याच्या जंतांची. कधी दोन्ही टोकांना बूच मारलेलं लिंबू, म्हणजे चाबकासारख्या जंताचं. या तळ्यात कुणी खोटं बोलत नाही, कुणी टोमणे मारत नाही. बाई तिथं रमली तर नवल काय!

लग्नाचं विचाराल, तर टपालखात्यातला एक गृहस्थ तीनदा चहाला आला होता. तिसऱ्या खेपेला मावशी त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. वहिनी आतल्या खोलीत आनंदानं पदर चावत उभी. मावशी म्हणाली, "तुमच्या पॅन्टला कुत्र्याचे केस आहेत. जंताचं औषध कधी दिलं होतं?" चौथ्यांदा तो आला नाही. काडेपेटी तेवढी पाठवून दिली.

तर अशा या बाईच्या तळ्यात एके दिवशी गादीवाला येऊन पडला.

गादीवाल्याचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. जुन्या गाद्या उसवायच्या, कापूस पिंजायचा, नव्या खोळीत भरायचा आणि हातभर दाभणानं टाके घालायचे. वरच्या मजल्यावर दोन रिकाम्या खोल्या, खाली दुकान, आणि दुकानातच मागे त्याची स्वतःची गादी. ही गादी म्हणजे गल्लीतला विनोद होता. उभ्या गल्लीला ढगावर झोपवणारा हा माणूस स्वतः ज्या गादीवर झोपायचा, तिच्यात कापूस कमी आणि गाठी जास्त. पहिल्या वर्षी शिकाऊ हातानं शिवलेली ती गादी त्यानं कधी उसवली नव्हती. "माझ्या पाठीचा आकार तिला ठाऊक आहे," म्हणायचा. बायको गेल्यापासून त्याचं बोलणं कमी झालं होतं आणि खेकसणं वाढलं होतं.

त्याला कापसाच्या ढिगात एक पिल्लू सापडलं. कुठून आलं कोण जाणे. पांढरंशुभ्र, कापूस हलायचा नाही आणि ते हलायचं, इतकाच फरक. त्याचं नाव पडलं बोळा. बोळ्याचं पोट नगाऱ्यासारखं आणि बाकी अंगावर हाडं. एके सकाळी त्यानं ओकून टाकली ती स्प्रिंगसारखी वेटोळं झालेली पांढरी दोरी. गादीवाल्याला आधी वाटलं, पोरानं आपला टाक्याचा दोरा गिळला. दोरा वळवळला तेव्हा तो पिल्लू काखेत मारून दवाखान्यात धावला.

मावशीनं भिंगातून बघितलं. चंद्रच चंद्र. "पौर्णिमा आहे तुमच्या कुत्र्याच्या पोटात," ती म्हणाली.

"म्हणजे चांगलं का वाईट?"

"त्याच्या दृष्टीनं वाईट. माझ्या दृष्टीनं फार सुंदर."

गादीवाला तिच्याकडे बघतच राहिला. डॉक्टरीणबाईंनी बोळ्याचं वजन करून पातळ औषध दिलं, दोन आठवड्यांनी पुन्हा दिलं, विष्ठा रोज उचलायला आणि हात साबणानं धुवायला सांगितलं. महिन्याभरात पोट उतरलं, अंग भरलं. मावशीनं पुन्हा तपासून चिठ्ठी दिली: जंत नाहीत. गादीवाल्यानं ती दुकानात खिळ्याला अडकवली, जशी लोक पोराची प्रमाणपत्रं लावतात.

इथवर सगळं गोड. पुढं घात झाला.

गादीवाल्याच्या मुलानं आणि सुनेनं ठरवलं, म्हाताऱ्याजवळ राहायला यायचं, वरच्या दोन खोल्यांत. दहा महिन्यांचा नातू नुकता रांगायला लागलेला. ही बातमी आल्यापासून गादीवाला शिट्टी वाजवायला लागला. शेजारच्यांना आधी वाटलं, किटली आहे. आणि नेमका तेव्हाच बोळा पुन्हा बिघडला. खायचा राक्षसासारखा आणि अंगाला काही लागायचं नाही. फरशीवर बूड घासत पुढच्या दोन पायांनी दुकानभर फिरायचा. मध्येच वळून शेपटीचं मूळ कचाकचा चावायचा.

गादीवाला काडेपेटी घेऊन मावशीकडे गेला. मावशीनं मीठपाणी केलं, पंधरा मिनिटं ती कुठंतरी जाऊन आली, तळ्यात बघितलं. काही नाही. चिठ्ठी: जंत नाहीत. आठवड्यानं पुन्हा. काही नाही. तिसऱ्यांदाही तेच. "नुसतं खाजवत असेल," ती म्हणाली, आणि पुढची डबी उचलली.

एका रविवारी सून घर बघायला आली. सून छापखान्यात मुद्रितं तपासते. सबंध पानात एक टिंब जास्त पडलं तर तिला ते कुसळासारखं टोचतं. नातवाला तिनं निळ्या खोळीच्या एका गादीवर सोडलं, शेजारी बोळा पसरलेला. पोरगं रांगत पुढं गेलं. त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर एक पांढरा तांदूळ पडला होता. सुनेनं बघितलं. तांदूळ लांब झाला. मग आखूड झाला. मग थोडा पुढं सरकला.

तिच्या ओरडण्यानं समोरचा न्हावी एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी जास्त काढून बसला, म्हणतात.

"बाबा, हा तांदूळ चालतोय!"

"अगं, कापसाची कचरी आहे ती. वाऱ्यानं हलली."

"वारा कुठंय?"

"मग सरकीचा तुकडा असेल. माझ्या दुकानात पांढरं काही पडलेलं दिसलं की तो कापूस असतो, चाळीस वर्षं." आणि त्यानं तळहातानं ती कचरी झाडून टाकली. पुरावा ढिगात गेला.

सून वाईट नाही. तिनं पोराला कडेवर घेतलं, त्याचे हात दोनदा धुतले आणि शांतपणे सांगितलं, "बाबा, पुढच्या महिन्याच्या शेवटी आम्ही सामान आणतोय. तोवर ह्याचे जंत पूर्ण गेले पाहिजेत. नाहीतर ह्याला तुमच्या भावाच्या लाकडाच्या वखारीत ठेवा. आणि वखारीत ठेवणं तुमच्या जिवावर येत असेल, तर आम्ही आहोत तिथंच बरे. मी रागानं नाही बोलत."

रागानं बोलली असती तर गादीवाल्याला भांडता आलं असतं. एकीकडे नातू, एकीकडे बोळा. बायको गेल्यावर ज्या घरात तीन वर्षं कुणी श्वास घेतल्याचा आवाज येत नव्हता, तिथं आता दोन जीव नांदू बघत होते आणि त्याला त्यातला एक निवडायला सांगितला होता.

तो तणतणत दवाखान्यात गेला. "मावशी, तुमच्या भिंगाला मोतीबिंदू झालाय का?"

"का हो?"

"सून म्हणते, जंत आहे. निळ्या गादीवर तांदळासारखा चालताना बघितला म्हणे. तो गेला नाही तर बोळ्याची रवानगी लाकडाच्या वखारीत."

"काचेत नाही म्हणजे नाही," मावशी म्हणाली. "तुमचं काय म्हणणं?"

"माझंही तेच. ती कापसाची कचरी होती."

"झालं तर मग."

दोघं जाणते एकमेकांशी सहमत होऊन मान डोलावत बसले. एकाला चाळीस वर्षांचा कापूस ठाऊक, दुसरीला सत्तावीस वर्षांचं तळं ठाऊक. खरं कोण बोलत होतं? तर कापसातलं आणि कुत्र्यातलं ओ की ठो न कळणारी सून.

दुसऱ्या दिवशी मावशीनं नेहमीसारखी नळी भरली, चकती टेकवली आणि हनुवटीला हात लावला. उन्हाची पट्टी सरकत आली. पण आज तिला वर जाता येईना. पाण्यात तिला पांढरे तांदूळ दिसायला लागले, एकामागोमाग एक, कुठल्याशा निळ्या माळावरून हळूहळू चाललेले, लांब होत, आखूड होत. आणि त्यांच्यामागे एक पांढरं कुत्रं मान खाली घालून लाकडाच्या वखारीकडे निघालेलं. ती दचकून जागी झाली. पंधराऐवजी चाळीस मिनिटं झाली होती. मीठ काचेवर फुलून सबंध तळं स्फटिकांनी भरून गेलं होतं. सत्तावीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

तिनं खोलीला कडी घातली आणि जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडली. डॉक्टरीणबाईंना वाटलं, मावशीला बरं नाही.

रस्ता तिला फार मोठा वाटला. भिंगातलं जग कसं गोल, त्याला काठ असतो. इथं सगळंच काठाबाहेर वाहत होतं. तिनं दोनदा गल्ली चुकवली, एका दारात चुकून "बोळा आहे का?" असं विचारलं, आणि शेवटी एका उघड्या दारातून पांढरा धूर बाहेर येताना दिसला. तो धूर नव्हता, कापसाचे तंतू होते. आत पिंजण्याच्या यंत्राची घरघर थांबली होती, पण हवेतला कापूस अजून खाली बसला नव्हता. उन्हाच्या झोतात तो इतका सावकाश फिरत होता, की मावशीला वाटलं, आपण अखेर त्या नळीच्या आतच आलो.

"या. बसा त्या ढिगावर," गादीवाला म्हणाला. "काही मोडणार नाही."

ती बसली आणि कमरेपर्यंत आत गेली. बोळा तिच्या पायाशी निळ्या खोळीवर झोपला होता, स्वप्नात धावत होता, पंजे हलत होते. मावशीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि त्याच्या शेपटीकडे बघत बसली. दुपार कापसासारखी फुगत चालली. मावशीच्या पापण्या जड झाल्या, डोकं कलायला लागलं.

आणि शेपटीखालून एक तांदूळ बाहेर आला.

अगदी निवांत आला. लांब झाला, आखूड झाला, निळ्या कापडावर उतरला आणि चालू लागला. शेजारी आणखी तीन पडलेले होते. वाळून पिवळट, तिळाएवढे झालेले. भिंग नको, मीठ नको, काही नको. उघड्या डोळ्यांपुढं, भर दुपारी.

"गादीवाले," मावशी हलक्या आवाजात म्हणाली, जणू तांदूळ दचकेल. "हे असं किती दिवस आहे?"

तो वाकला. "ही कचरी? रोजच असते. दोन महिने झाले असतील. झाडतो की मी."

"ही कचरी चालतीये."

गादीवाल्यानं बघितलं. मग तो सावकाश खाली बसला. "चाळीस वर्षं," एवढंच म्हणाला.

"माझी सत्तावीस," मावशी म्हणाली. "सुनेची किती?"

"एक रविवार."

मावशीला हसू आलं. आधी बारीक, मग एवढं की ढीग हलायला लागला. मग तिनं डोळे पुसले. गादीवाल्यानं विचारलं, तुम्ही हसताय की रडताय, तर म्हणाली, मलाही कळत नाही, कापूस डोळ्यात गेलाय.

त्यानंतर मात्र ती बाई वेगळीच दिसायला लागली. तिनं बारीक दातांची फणी मागितली, बोळ्याच्या शेपटीच्या मुळाशी ती फिरवली आणि निघालेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कागदावर झटकली. भुकटीभोवती हळूहळू तांबडी वर्तुळं पसरली. "माती असती तर अशी रंगली नसती. हे रक्त आहे, पिसवांच्या पोटातून गेलेलं. तुमच्या कुत्र्यावर पिसवा आहेत."

एक तांदूळ तिनं डबीत घातला आणि दवाखान्यात नेऊन काचेखाली अलगद दाबला. तळ्यात पातळ पिशव्या पसरल्या, आणि प्रत्येक पिशवीत पंधरा-वीस अंडी, द्राक्षांच्या घडासारखी. इतकं देखणं काही तिनं पूर्वी चारदाच पाहिलं होतं. पण त्या दिवशी ती तिथं रमली नाही. उठून सरळ डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिली. "मी तीनदा 'नाहीत' लिहिलं. चूक माझी."

"मावशी, हा चपटा जंत आहे, फितीसारखा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो अंडी सुटी सोडत नाही. स्वतःचा तुकडाच पार्सल करून पाठवतो. तुमच्या नळीत ती वर येतीलच असं नाही. हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत होतं. म्हणून तर चूक."

डॉक्टरीणबाईंनी वजनाप्रमाणे वेगळी गोळी दिली. आधीचं पातळ औषध या जंताला लागू पडत नाही. पिसवांसाठी मानेवर लावायचं औषध दिलं. आणि गादीवाल्याला समोर बसवून सांगितलं, "गोळीनं आतला जंत जाईल. पण त्याची अंडी खाते पिसवेची अळी. तिची पिसू होते, कुत्रा अंग चावताना ती गिळतो, की पुन्हा जंत. पिसवा गेल्या नाहीत तर तीन आठवड्यांनी तांदूळ परत दारात."

"नातवाला होईल का?"

"त्यानं पिसू गिळली तर. क्वचित होतं. पण ती वेळच का आणायची? पिसवा कुठं आहेत ते शोधा."

शोधायचं काय! जुन्या गाद्यांचं दुकान ते. गावभरातल्या पिसवा पाहुण्या म्हणून यायच्या आणि बोळ्याची पाठ बघून कायमच्या राहायच्या. दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद. रोज जेवणाच्या सुट्टीत मावशी हजर. जुना कापूस पोत्यांत घट्ट बांधून बाहेर गेला, खोळी उकळत्या पाण्यातून निघाल्या, फरशीच्या फटी रोज झाडल्या गेल्या, कचरा लगेच बाहेर. मावशी पांढरे मोजे घालून दुकानात फेऱ्या मारायची आणि मोज्यांवर उडी घेणाऱ्या पिसवा मोजायची. पहिल्या दिवशी एकतीस. दाराबाहेरून बघणाऱ्यांना वाटायचं, बाई कापसात नाचतेय.

वहिनीच्या जिभेला मग धार आली. "वन्सं, रोज दुपारी पिसवा शोधायला जाता की आणखी काही?"

"पिसवाच."

"त्या दुसरीकडे नाही सापडत?"

"सापडतात. पण ह्या त्याच्याच गादीत आहेत."

वहिनीच्या हातातला कप बशीत वाजला. त्या उत्तरावर ती अजून विचार करतेय.

आणि गोष्ट खरीच होती. सगळं दुकान साफ झालं तरी मोज्यांवर रोज सात-आठ पिसवा यायच्याच, आणि मागच्या कोपऱ्याजवळ जास्त. मावशी त्या गाठाळलेल्या गादीसमोर उभी राहिली. बोळा रात्री तिथंच झोपायचा.

"ती नाही," गादीवाला म्हणाला.

"उसवून बघू या."

"ती उसवायची नाही. हिच्यावर माझं सगळं... राहू द्या. औषध मारा वरून."

"आत नाही पोचणार. कोषात गेलेली पिसू महिनोन्‌महिने वाट बघत बसते. मी फसव्या चिठ्ठ्या तीन लिहिल्या, चौथी लिहायला लावू नका."

तो गादीवर बसला. तिच्या खड्ड्यात त्याचं अंग बरोबर बसलं, शेजारी दुसरा खड्डा होता, रिकामा, आणि बोळा नेमका त्यात जाऊन गोल झाला. मावशीनं नजर खिडकीकडे वळवली. माणसांकडे कुठं बघू नये एवढं तिला कळतं.

बऱ्याच वेळानं त्यानं दाभण उचललं आणि स्वतःचेच टाके उसवले. आतला कापूस काळपट, दगडासारखा झाला होता. त्यानं तो मुठीमुठीनं पोत्यात भरला, तोंड बांधलं आणि स्वतः कचरागाडीवर नेऊन टाकला. परत आला तेव्हा म्हणाला, "टाके फार वाकडे होते हो. मी कुणाला दाखवले नसते."

त्यानंतर मोज्यांवर चार आल्या, मग दोन. मग एक. मग पांढरे मोजे संध्याकाळपर्यंत पांढरे राहिले.

ठरल्या दिवशी सून आली. पोर कडेवर, सामानाची गाडी दाराबाहेर उभी, चालकाला सांगितलेलं, थांब जरा. गोळी देऊन पाच आठवडे झाले होते. तिनं मावशीला विचारलं, "तुम्हीच का चिठ्ठी देणाऱ्या? आज काय लिहिलंय?"

"काही नाही. चिठ्ठीच आणली नाही."

गादीवाल्याचा चेहरा पडला. "अहो, मावशी!"

"ह्या जंताला माझी काच साक्षीदार नाही," मावशी म्हणाली. "मी तीनदा लिहिलं आणि तीनदा तोंडावर पडले. बघितलं ते ह्या पोरीनं. आजही तिनंच बघावं."

तिनं जमिनीवर काळं कापड अंथरलं, त्यावर बोळ्याला बसवलं आणि सुनेच्या हातात फणी दिली. सून पोराला मांडीवर घेऊन, मुद्रित तपासावं तशी खाली बसली. आधी कान, मग पाठ, मग शेपटीचं मूळ. ओल्या कागदावर झटकलं. कागद पांढरा राहिला. शेपटी उचलून बघितलं. मग ती नुसती बसून राहिली. मावशी बसली, गादीवाला बसला. धुतलेल्या दुकानात ऊन सरकत होतं, नव्या कापसाचे चारदोन तंतू हवेत तरंगत होते, पोराच्या पापण्या मिटत चालल्या होत्या आणि तिघं मोठी माणसं एका कुत्र्याच्या बुडाकडे डोळे लावून स्वप्नात असल्यासारखी बसून होती. बाहेर गाडीवाल्यानं डोकावून बघितलं आणि काही न विचारता परत गेला.

बोळा झोपला. कूस बदलली. पुन्हा झोपला. काळं कापड काळंच राहिलं.

सुनेनं पाय मोकळे केले. "दर रविवारी मी स्वतः बघणार."

"बघ," गादीवाला म्हणाला.

"डॉक्टर सांगतील तेव्हा गोळी, पिसवांचं औषध महिन्याच्या महिन्याला. आणि हा वरच्या खोल्यांत येणार नाही."

"नाही येणार."

"जुन्या गाद्या आत आणायच्या आधी बाहेर उसवायच्या."

"बाहेरच. आणखी?"

पोर जागं झालं होतं, सुनेच्या मांडीवरून ओणवं होऊन काळ्या कापडाकडे हात करत होतं. तिनं त्याला धरून ठेवलं, थोडा वेळ तसंच; मग खाली सोडलं, बोळ्यापासून हातभर अंतरावर. बोळ्यानं एक डोळा उघडला, पोराकडे बघितलं आणि मिटला.

"गाडीवाल्याला सामान उतरवायला सांगा, बाबा."

गादीवाला उठला, पण दाराकडे गेला नाही. भिंतीवरची फूटपट्टी काढून तो पोराशेजारी गुडघ्यावर बसला आणि त्याची लांबी घ्यायला लागला. "ह्याची गादी केवढी करू? वाढत्या अंगाची करतो."

"करा," सून म्हणाली. "पण कापूस नवा. आणि टाके मी तपासणार."